निवडलेली भाजी

आमच्या गल्लीत किराणा दुकानं सात आहेत. सातही दुकानांच्या दारात कुरकुरीत पाकिटांच्या माळा टांगलेल्या, मांडवाला तोरणं बांधतात तशा. तांदूळ मिळतो, तेल मिळतं, दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया मिळतात, मोबाइलचं रिचार्जसुद्धा होतं. भाजी मात्र एकाही दुकानात नाही. भाजी म्हणजे मी. ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडे भिंतीला पाठ लावून पोत्यावर बसते, ती मी. माझ्याकडे नसेल तर मग मंडई, आणि मंडईला जायचं तर दोन बस बदलायच्या.

तळवड्यात आयटी पार्कच्या मागच्या अंगाला लहान लहान वर्कशॉप आहेत. त्यांच्या मधे जागा उरली तिथं खोल्यांच्या रांगा उठल्या. वर पत्रा, कोपऱ्यात मोरी, दहा बाय दहा. माणसं कुठून कुठून आलेली, बीड, परभणी, नांदेड, पार बिहारसुद्धा. मी सोलापूरकडची, पण तीस वर्षं झाली म्हणजे इथलीच म्हणा. आमचे हे कंपनीत होते. ते गेले, मुलगी लग्न होऊन नगरला गेली आणि मी पोत्यावर बसले. लिहायवाचायलाही पोत्यावरच शिकले. मेथी गुंडाळायला रद्दी यायची, ती वाचत बसायची. ते असो.

भाजी विकणाऱ्या बाईला एक गोष्ट कुणी न सांगता कळते, ती म्हणजे कुणाच्या घरी काय शिजतं. आमच्या गल्लीत बटाटा शिजतो. बाया चाकणला पार्ट पॅकिंगच्या लाइनवर जातात. पहाटे साडेपाचला बस धरतात. साडेतीनला शिफ्ट सुटते, पण ट्रॅफिकमधून बस कॉर्नरला यायला पाच वाजतात. आल्या की पाणी भरायचं, धुणं, पोरं. त्यात मेथीची जुडी निवडायला कोण बसणार? मी जुडी पुढे केली की त्या हसायच्या. "मावशी, बटाट्याला काय निवडायचं असतं का? सोलला की टाकला."

माझ्या शेजारी अंड्यांची गाडी लावणारे एक चाचा आहेत. माझ्याच वयाचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, तोंड सारखं चालू. संध्याकाळी माझ्या पोत्यावर उरलेली हिरवी रास बघून म्हणायचे, "काय भाभी, आज पण मेथी माहेरीच परत चालली वाटतं!"

"तुमच्या अंड्यांना निवडावं लागत नाही ना, म्हणून सुचतात तुम्हाला चेष्टा."

"निवडत नाही कसं? फुटकी बाजूला काढतो. ती मीच खातो."

तर अशी आमची बाजारपेठ.

माझ्या समोरच्या खोलीत परभणीकडचं एक जोडपं राहतं. नवरा वेल्डिंगच्या कामावर, बायको चाकणच्या लाइनवर, दोघंही कॉन्ट्रॅक्टवर. त्यांची सव्वादोन वर्षांची लेक होती. मी तिला बाळी म्हणायची. ते कामावर गेले की बाळी मागच्या रांगेतल्या एका बाईकडे असायची. ती बाई एका खोलीत आठ-नऊ पोरं सांभाळते. वाईट नाही हो ती. पण आठ पोरं एकदम रडायला लागली तर माणूस काय करणार? चहात बुडवून बिस्किट देते, पाकीट फोडून हातात देते. पोर गप्प बसतं आणि पोट भरल्यासारखं दिसतं.

अंगणवाडीत पोरांचं वजन करतात त्या दिवशी बाळीला मीच घेऊन गेले, कारण तिच्या आईला सुट्टी नव्हती. काट्याला झोळी लावलेली असते. बाळी झोळीत बसली, आणि खरं सांगते, काटा हलला की नाही असं वाटावं इतकाच हलला. अंगणवाडीच्या ताईंनी तक्त्यावर ठिपका दिला. तो लाल पट्ट्यात पडला.

"आजी, हिला रोज डाळ, अंडं, पालेभाजी पाहिजे. रोज म्हणजे रोज," ताई म्हणाल्या. "महिना-दोन महिन्यांत सुधारलं नाही तर मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल. चौदा दिवस. आईला सोबत राहावं लागतं."

"आणि इथून पोरांना पोषण आहाराची पाकिटं मिळतात ती?"

"नाव अजून आधीच्या खोलीजवळच्या अंगणवाडीत आहे. तिथून नाव यायला हवं. मी कळवलंय."

खोलीमालक अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलतात. त्यामुळे आमच्याकडची माणसं पुढे आणि त्यांची नावं मागे, असंच कायम चाललेलं असतं.

संध्याकाळी मी तिच्या आईला सगळं सांगितलं. ती दारात बसून पायातले बूट काढत होती, कंपनीचे, लोखंडी टोकाचे. चौदा दिवस म्हटल्यावर तिचा हात थांबला.

"मावशी, चार दिवस गेले नाही तर सुपरवायझर दुसरी उभी करतो. चौदा दिवसांनी मला गेटच्या आत कोण घेईल? आणि एकाच्या पगारात खोलीचं भाडं सुटंल का?"

"मग खायला घाल की तिला नीट."

"कधी घालू?" ती चिडून नाही, खरंच विचारत होती. "सांगा ना मावशी. कधी घालू?"

ते माझ्या डोक्यात राहिलं. भाजी विकणारी मी, समोरच्या दारात पोर वाळतंय, आणि माझी मेथी रोज उरतेय. मग मनात आलं, निवडण्यावाचूनच अडलंय ना सगळ्यांचं? मग मी निवडते. मला दुसरं काम काय आहे? पालक निवडायचा, चिरायचा, धुवायचा, मूठभर भिजवलेली मूगडाळ बरोबर द्यायची, दोन लसूणपाकळ्या सोलून टाकायच्या. घरी गेलं की कुकरला लावायचं, भातावर घालून घोटायचं, झालं. शेवयांपेक्षा फार तर दहा मिनिटं जास्त.

पण मंडईतला पालक दोन दिवसांचा असतो, चिरला की काळा पडतो. ताजा हवा होता. तेव्हा मी नदीकाठच्या बापूंकडे गेले. बापू म्हणजे इथल्या जुन्या गावातले शेतकरी. चारी बाजूंनी सोसायट्यांच्या भिंती आल्या, पण मधे त्यांचा एक तुकडा अजून हिरवा आहे. मी गेले तेव्हा त्यांचा पालक असा उभा होता, की बघूनच भूक लागावी. हातभर पान, काळपट हिरवं.

"बापू, रोज सकाळी कापलेला द्याल का?"

"व्हय, देतो की. न्यायला या मातुर तुमी. माजं गुडघं गेल्यात."

पलीकडे विहिरीजवळ एक बारका वाफा होता. तिथला पालक जरा फिका, बुटका. मी म्हटलं, तो कुणाचा? ते म्हणाले, "ती घरची भाजी." मी मान हलवली. मनात म्हटलं, म्हाताऱ्यानं चांगला माल विकायला ठेवलाय आणि घरी दुय्यम खातोय, किती सज्जन माणूस. इतकी वर्षं भाजी विकून मला एवढीच अक्कल आली होती.

होळीच्या आसपास मी सुरू केलं. सकाळी आठला नदीकाठी जायचं, दहापर्यंत परत. मग निवडत बसायचं. पत्र्याच्या सावलीत पाट, विळी, परात. नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून ड्रममधलं पाणी जपून घ्यायचं. दुपारपर्यंत पिशव्या तयार. वर ओलं फडकं, आणि अधूनमधून पाण्याचा शिपका. भाजीवर पाणी मारत राहायचं, हा आमच्या धंद्यातला हात आहे. कुणी शिकवत नाही, कुणी विसरत नाही. उन्हाळ्यात तर हात आपोआप जातो.

पहिल्या दिवशी बस थांबली तशा बाया माझ्यासमोरून बघत बघत पुढे गेल्या. एक परत आली.

"हे काय मावशी, हॉटेल टाकलं की काय?"

"निवडलेलं आहे, धुतलेलं आहे. कुकरला लाव फक्त."

"नवरा पण निवडून देता का?"

"तो तुझा तूच निवडलास, आता भोग."

सगळ्या हसल्या, आणि पाच पिशव्या गेल्या. आठवडाभरात वीस जायला लागल्या. चाचांनी अंड्याची गाडी माझ्याजवळ सरकवली. म्हणाले, "भाभी, पालकबरोबर अंडं असं ओरडा की जरा. आपला पण फायदा." मी खरंच ओरडायला लागले.

पहिली पिशवी रोज समोरच्या खोलीत जायची. तिची आई कपडेसुद्धा न बदलता कुकर लावायची. घोटलेला भात ताटलीत पसरून फुंकर घालायची आणि बाळी माझ्या मांडीवर बसून तोंड उघडायची. पहिले दिवस थुंकायची. तिला खारटतिखटाची सवय, हिरवं दिसलं की मान फिरवायची. मग मी घास माझ्या तोंडाजवळ नेऊन परत तिच्याकडे आणायची. असं करत करत, किती दिवस लागले कोण जाणे, एका संध्याकाळी तिनं वाटी स्वतः ओढली.

"मावशी, खायलीय बघा!" तिची आई कुजबुजली, मोठ्यानं बोललं तर पोर थांबेल म्हणून. "खायलीय हो!"

पुढच्या वजनाला ठिपका लाल पट्ट्याच्या कडेवर आला. त्याच्या पुढच्या वेळी पिवळ्यात. ताईंनी तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून तिच्या आईला पाठवला. तिनं तो फोटो लाइनवरच्या सगळ्या बायांना दाखवला म्हणे. त्या संध्याकाळी बसमधून उतरताना ती माझ्याकडे बघून नुसती हसली. मी त्या हसण्यावर किती दिवस चालले असते, सांगता येत नाही.

मे महिन्यात पत्रे असे तापले की खोलीत भांड्याला हात लावला तर चटका बसावा. एका दुपारी सांभाळणाऱ्या बाईनं निरोप धाडला, बाळीला जुलाब लागलेत, उलट्या पण होतायत. मी पळत गेले. पोर माझ्याकडे बघत होतं आणि बघत नव्हतं. तोंड कोरडं, ओठांना पापुद्रे. चाचांनी गाडी तशीच सोडली, रिक्षा आणली, आणि आम्ही दोघं तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. सलाइन लावलं. डॉक्टर तरुण होते, पण चिडके नव्हते.

"काल काय खाल्लं होतं?"

मी अभिमानानं सांगितलं. अजून ते शब्द तोंडात बोचतात. "पालक, मूगडाळ, भात. मी स्वतः निवडून, धुवून, चिरून देते."

"किती वाजता चिरता?"

"दहा-अकराला."

"आणि शिजतं?"

"सहाला. पण ओलं ठेवते मी, सुकू देत नाही. सारखं पाणी मारते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, चिरलेला पाला या उन्हात आठ तास ओला ठेवायचा नसतो. जंतूंना तेच पाहिजे. नीट शिजला नाही तर गेलंच. आणि हात, विळी, ताट सगळ्याला तेच लागतं."

"अख्ख्या जुडीला पाणी मारतोच की आम्ही."

"जुडी वेगळी. तिला चिरा पडलेल्या नसतात." मग त्यांनी विचारलं, "भाजी कुठली?"

मी सांगितलं, नदीकाठची. "तिथं पाणी कुठलं घालतात, ते बघितलंय का कधी?" ते म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी मी बापूंकडे गेले. पिशवी नेली नव्हती. मोटर चालू होती. तिच्या पाइपाच्या मागे मागे गेले तर पाइप नदीत. नदीवर पांढरा फेस तरंगत होता, साबणाचा असावा तसा, आणि कडेचे दगड काळे पडले होते. ती नदी मी शेकडो वेळा पुलावरून बघितलेली आहे. नाकाला पदर लावून बघितलेली आहे. पण ती नदी आणि तो पालक, हे दोन्ही कधी एका जागी ठेवून बघितलं नाही मी.

"बापू, हे पाणी घालता?"

"मग कुटलं घालू? हिरीत पाणी हाय कुटं एवढं? घरापुरतं निगतं."

"म्हणून घरचा वाफा विहिरीवर."

ते बांधावर बसले. मग म्हणाले, "बाई, समदीच घालत्यात. मी न्हाई पिकवलं तर कोन पिकवनार हाय इथं? समदी भिताडंच झाल्यात. तुमी मंडईतली घेता, ती कुटल्या पान्याची हाय ते इचारता का?"

"तुम्ही खाता का यातला?"

"न्हाई," ते म्हणाले. लपवलं नाही त्यांनी. "आमी न्हाई खात."

मला भांडायचं होतं. भांडता आलं नाही, कारण बोलत होते ते सगळं खरं होतं. गुडघे धरून ते बांधावर बसले होते आणि मी उभी होते. मग मीही बसले.

बाळीला पाण्यानं झालं, की माझ्या शिपक्यानं, की सांभाळणाऱ्या बाईच्या खोलीत, हे आता कुणी सांगू शकत नाही. गल्लीत त्या आठवड्यात आणखी दोघातिघांना लागलं होतं. एकाच्या घरी माझी पिशवी जायची, दुसऱ्याच्या घरी कधीच गेली नव्हती. पण मला माझा हात दिसत राहिला, ओल्या फडक्यावर पाणी मारणारा.

पिशव्या मी बंद केल्या. आठ दिवस बाया विचारत होत्या. "काय मावशी, दुकान बंद केलं? आमची सवय बिघडवली आन् आता बसा म्हणता!" मी सांगितलं, उन्हानं खराब होते. खरं ते एवढंच सांगितलं. एकीनं विचारलं, मग फ्रीज घ्या की. मी हसले. नवव्या दिवशी त्यांनी विचारणं सोडलं आणि बटाटे घेतले.

पुढच्या वजनाला बाळीचा ठिपका पहिल्यापेक्षाही खाली गेला. ताईंनी चिठ्ठी लिहून दिली, भरती करा म्हणून. त्या संध्याकाळी समोरच्या खोलीत नवराबायको हळू आवाजात बराच वेळ बोलत होते. दार उघडंच होतं. मी पोत्यावर बसून होते, ऐकू येत होतं.

"तू चौदा दिवस बस, मग बघू," नवरा म्हणत होता.

"मग बघू म्हणजे काय बघू? तुमचं काम तरी पक्कं हाय का?"

त्यानं उठून दार लोटून घेतलं.

शेवटी त्यांनी ठरवलं, पोर गावाला आजीकडे पाठवायचं. मी त्यांच्या दारात गेले. जन्मात कुणाच्या संसारात बोलले नव्हते, तेव्हा बोलले. "दवाखान्यात मी राहते तिच्याबरोबर. चौदा दिवस मी बसते. पोतं राहील चौदा दिवस बंद, काय बिघडतंय."

दुसऱ्या दिवशी ताईंना विचारून आले. त्या म्हणाल्या, आईच लागते, दुसरं कुणी चालत नाही. मी कोण? समोरच्या खोलीतली. कागदावर तसं नातंच नाही.

तिची सासू तिकडून येऊन बाळीला घेऊन गेली. जाताना तिच्या आईनं बाळीला माझ्या पाया पडायला लावलं. मला तेवढं नको होतं. मी म्हटलं, "पोरी, माझ्यामुळे झालं असेल तर..."

"काय बोलता मावशी," तिनं मला मधेच तोडलं. "तुम्ही होता म्हणून दोन महिने पोरीनं खाल्लं."

ती मला एक शब्द कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. पण रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि ती पहाटे साडेपाचला बस धरणारी बाई.

तिची सासू दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पोर बांधावर, झाडाखाली. तिथं अंगणवाडी आहे, पण वस्तीपासून लांब. दुधाची म्हैस होती ती मागेच विकली, असं बाळीच्या आईनंच सांगितलं. मी जास्त खोदून विचारत नाही.

मी अजून भाजी विकते. पालक आता मंडईतून आणते, जुडीच्या जुडी, न निवडता. तो कुठल्या पाण्याचा आहे ते मी विचारत नाही. एकदा व्यापाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "आजी, घ्यायचा तर घ्या, मागं लाइन आहे." घेतला. कुणी तान्ह्या पोराची आई जुडी उचलायला लागली की माझ्या तोंडावर येतं, नीट धू गं, पुन्हा पुन्हा धू, चांगला शिजव. मग आठवतं की हिच्याकडे धुवायला पाणी दिवसाआडचं आहे. तरी म्हणते. चाचा म्हणतात, "भाभी, गिऱ्हाइकाला घाबरवताय तुम्ही." मेथी परत माहेरी जायला लागली आहे, पण त्यावर ते आता चेष्टा करत नाहीत.

परवाच्या रविवारी समोरची माझ्याजवळ येऊन पोत्याच्या कडेला बसली. सुट्टीचा दिवस, केस धुतलेले, मोकळे. गावाकडून व्हिडिओ आला होता. तिनं फोन माझ्या हातात दिला. बाळी ओसरीवर उभी होती, मोठा फ्रॉक घातलेली, कुणीतरी मागून तिला हाका मारत होतं आणि ती हसत होती. हसताना मानेच्या शिरा दिसत होत्या. फ्रॉकच्या बाहीतून हात बाहेर आला होता, तो मी बघितला. मनगट बघितलं.

"तिकडं काटा नाही हो जवळ," ती म्हणाली. "तुमचा हात भाजीचा आहे मावशी. तुम्हाला नुसतं बघून वजन कळतं. किती असंल सांगा."

मी तिला आकडा सांगितला. मला दिसत होता त्याहून पुष्कळ जास्त सांगितला. तिनं बोटांवर काहीतरी हिशेब केला, तक्त्यावरचा पिवळा पट्टा आठवत असावी, आणि म्हणाली, "म्हणजे सुधारलीय."

"सुधारलीय," मी म्हटलं.

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला. आम्ही दोघींनी तो आणखी तीन वेळा बघितला. मग तिनं अर्धा किलो बटाटे घेतले आणि धुणं भिजवलंय म्हणून उठून गेली.